ओढा नकाशावर कुठं आहे?

तालुक्याच्या एखाद्या गावी पाच-सहा वर्षांनी पुन्हा जाणं झालं, की एसटी स्टँडबाहेर पडल्या पडल्या वाट चुकते. ज्वारीचं रान होतं तिथं पत्र्याच्या गाळ्यांची रांग असते. बायपासला लागून मंगल कार्यालय, त्याच्या मागं 'एनए प्लॉट' असे फलक, फलकांच्या मागं खांब रोवून केलेली आखणी. विहिरीवरची चिंच तेवढी ओळखीची राहिलेली असते, तीही आता कुणाच्या तरी कुंपणात. गाव शहर होत असतं, आणि आपण शहर होतोय हे गावाला फार उशिरा कळतं.

जनगणनेच्या हिशेबात गाव 'शहर' ठरायला तीन अटी आहेत: लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. या अटी पुऱ्या करणारी, पण कागदोपत्री अजून ग्रामपंचायतच असलेली जी गावं असतात, त्यांना जनगणना शहरं म्हणतात. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ शहरं होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. महाराष्ट्रात याच दहा वर्षांत एकूण शहरं ३७८ वरून ५३४ झाली, आणि या ५३४ पैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे २७८, जनगणना शहरं होती. शहराइतकी माणसं, शहरासारखे धंदे, आणि कारभाराला एक ग्रामसेवक. राज्य सरकारनं २०१४ मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचा निर्णय घेतला, तो याच कोंडीतून. नगरपंचायत म्हणजे कायद्याच्या भाषेत संक्रमणात असलेलं क्षेत्र, गावपण सुटलेलं आणि शहरपण अजून न आलेलं. शब्द नेमका आहे. या प्रकरणात मला बोलायचंय ते त्या मधल्या काळाबद्दलच, कारण पुढच्या पन्नास वर्षांचं शहर त्या पाच-दहा वर्षांत ठरून जातं.

ठरवतं कोण? नगररचनाकार नव्हे. तो यायच्या आधी जमीन तोडणारा येऊन गेलेला असतो.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडून विकू नयेत हा त्याचा हेतू. तरी गावाच्या कडेला लोकांना घर हवं असतं, बिनशेती परवानगी काढून रीतसर रेखांकन करणं महाग आणि वेळखाऊ असतं, म्हणून शेत गुंठ्या-गुंठ्यानं विकलं जातं. अर्धा गुंठा, एक गुंठा, दीड गुंठा. घेणारा साखर कारखान्यातला कामगार असतो, शाळेतली शिक्षिका असते, ट्रकवर ड्रायव्हर असतो. आयुष्यभराची पुंजी त्यात घातलेली असते. यात त्याचा दोष मी मानत नाही. रीतसर आणि परवडणारा प्लॉट त्याच्यापुढं कुणी ठेवलेलाच नसतो. सरकारनंही २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करून १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे प्लॉट नियमित करायची सोय केली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. म्हणजे वीस वर्षांत हा प्रश्न सुटला नाही, वाढतच गेला.

त्या शेतात रस्ता किती रुंद ठेवला जातो ते पाहावं. दहा फूट, फार तर बारा. प्रत्येक फूट विकता येत असताना रस्त्याला जागा सोडणं म्हणजे खिशातले पैसे सोडणं. शेजारच्या शेताच्या मालकाचा तोडणारा वेगळा, त्याचा रस्ता वेगळ्या रेषेत. दोन्ही रस्ते बांधाशी येऊन थांबतात. दहा वर्षांनी तिथं चारशे घरं होतात. घंटागाडी आत शिरते, पण वळता येत नाही म्हणून सबंध गल्ली उलटी मागं येते. अग्निशमनाचा बंब मुख्य रस्त्यावरच थांबतो. गटार बांधायचं तर उतार कुठल्या बाजूनं काढायचा ते कळत नाही, कारण बांधापलीकडचं घर जोत्यासह तीन फूट उंच झालेलं. हे नंतर सुधारणं म्हणजे कुणाची तरी ओसरी पाडणं, आणि ओसरी पाडून घ्यायला कोण तयार होईल?

रीतसर रेखांकनातही पळवाट असते. २०२० पासून मुंबईसारखे अपवाद सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच विकास नियमावली लागू झाली. तिच्यात ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के जागा खुली ठेवायची आहे. ०.४ हेक्टर म्हणजे जवळपास एक एकर. त्यामुळे एका एकराच्या आतच रेखांकनं करायचा मोह होतो, आणि मुलांना खेळायला चार-पाच गुंठ्यांचा तुकडाही उरत नाही. एका-एका रेखांकनात काहीच बेकायदा नसतं. पण वीस रेखांकनं शेजारी-शेजारी झाली, की सबंध उपनगरात मैदान नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा, अंमल ११ जानेवारी १९६७ पासून. नगरपरिषद किंवा नगरपंचायत हीच तिच्या हद्दीचं नियोजन प्राधिकरण असते. ती आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग सध्या कुठली जमीन कशासाठी वापरली जाते याची पाहणी करून वर्तमान जमीन वापराचा नकाशा होतो. त्यावरून प्रारूप विकास आराखडा, म्हणजे लोकांच्या तोंडी 'डीपी', तयार होतो. तो जाहीर होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात, एक नियोजन समिती सुनावणी घेते, दुरुस्त आराखडा मंजुरीसाठी शासनाकडं जातो. वीस वर्षांत एकदा तरी त्याची फेरतपासणी व्हायला हवी.

सगळं गाव जागं होतं ते हरकतींच्या महिन्यात. वर्तमानपत्रात सूचना येते, नगरपंचायतीच्या भिंतीवर रंगीत नकाशा लागतो, आणि त्याच्यापुढं माणसांची गर्दी होते. पिवळा म्हणजे राहण्याची जागा, निळा म्हणजे बाजाराची, हिरवा म्हणजे शेती किंवा बाग. प्रत्येक जण आपला गट नंबर शोधतो. 'आपल्या रानावर आरक्षण पडलंय का' एवढाच प्रश्न असतो, आणि तो साहजिक आहे. मग वकिलाकडून एकेक हरकत लिहून जाते: माझ्या गटातून रस्ता नको, माझ्या गटावर बाग नको. शेकडो हरकती येतात, त्यातल्या बहुतेक एकेकट्याच्या. दवाखाना कुठं असावा, गाव उत्तरेला वाढावं की पूर्वेला, यावर एकही नसते.

माझं सांगणं एवढंच आहे, की गावानं एक पायरी आधी जागं व्हायला हवं, वर्तमान जमीन वापराच्या नकाशाच्या वेळी. त्यात कुणाचं काही काढून घ्यायचं नसतं. आज इथं काय आहे, एवढंच लिहायचं असतं. आणि नेमकं तेच बाहेरून आलेल्या माणसाला पूर्ण दिसत नाही.

एका गावातला असा नकाशा मी हातात घेऊन पाहिला आहे. ओढ्याकाठचं मोठं पटांगण त्यावर 'मोकळी जागा' म्हणून दाखवलं होतं. पाहणी करणारी तरुण मंडळी मेहनती होती, उपग्रहाची चित्रं त्यांच्याजवळ होती, त्यांनी रस्ता न् रस्ता पालथा घातला होता. पण ती तिथं मंगळवारी पोचली. त्या पटांगणावर गुरुवारी आठवडे बाजार भरतो. आसपासच्या गावांतल्या बायका पहाटेच्या गाडीनं पालेभाज्यांच्या पाट्या घेऊन येतात, शेळ्यांचा बाजार एका अंगाला, लोखंडी अवजारं दुसऱ्या अंगाला. गावाच्या पैशाची उलाढाल तिथं होते. नकाशात 'मोकळी जागा' लिहिलं गेलं, की पुढच्या नकाशात तिथं वाहनतळ किंवा सरकारी इमारत येणं अगदी सोपं. कुणी वाईट हेतूनं केलेलं नसतं. गुरुवारी कुणी गेलं नाही, एवढंच.

यात्रेचं मैदान असंच हुकतं, कारण यात्रा वर्षातून दोन दिवस. मुली शाळेला ज्या पाणंदीनं जातात ती हुकते. उन्हाळ्यात पाहणी झाली तर ओढाच हुकतो. मार्चमध्ये कोरडा ओढा म्हणजे झुडपांची एक ओळ, आणि त्यात कुणी मुरूम टाकून सपाटी केली असेल तर तीही नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं काय केलं ते आपण पाहिलं. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. वर्षानुवर्षं लोक ज्याला नाला म्हणून विसरले होते, त्याला एका रात्रीच्या पावसात आपली जुनी रुंदी हवी झाली. लहान गावातला ओढा अजून उघडा आहे. त्याची रुंदी वाचवायला आज कुणाचं घर पाडावं लागत नाही. नकाशावर दोन रेषा खऱ्या जागी ओढाव्या लागतात, आणि त्या रेषांच्या आत पुढं परवानगी द्यायची नाही.

'आधी नीट पाहा, मग आखा' हा विचार आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश माणूस मूळचा जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचं नगरांचं प्रदर्शन ज्या जहाजातून येत होतं ते जर्मन युद्धनौका एम्डेननं बुडवलं. त्यानं पुन्हा साहित्य जमवलं आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलं. पुढची काही वर्षं तो गावोगाव हिंडला. तेव्हा इंजिनिअरांची रीत अशी, की दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा आणि मधे येतील ती घरं पाडायची. गेडिस म्हणे, डॉक्टर जसा आधी रोग्याला तपासतो तसं गावाला तपासा. कुठली भिंत पडीक आहे, कुठली विहीर वापरात आहे, पोरं कुठल्या पारावर बसतात ते बघा. मग पडकी घरं तेवढी काढून त्या जागी लहानसा चौक मोकळा करा, एखादं झाड लावा, बोळ थोडा रुंद करा. मराठ्यांच्या तंजावरातल्या किल्ल्याच्या वस्तीबाबत त्यानं असाच सल्ला दिला, आणि पाडापाडीच्या योजनेपेक्षा त्याचा खर्च कितीतरी कमी होता.

होळकरांच्या इंदूरसाठी त्यानं केलेला अहवाल १९१८ मध्ये छापला गेला, दोन खंडांचा. पण माझ्या मनात राहिली आहे ती त्याच्या आधीची दिवाळी. इंदूरला प्लेगची भीती होती. गेडिसनं महाराजांकडून एका दिवसाचं राज्य मागून घेतलं आणि जाहीर केलं, की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेल्या असतील त्यांतून जाईल. गल्ल्या-गल्ल्यांत चढाओढ लागली. लोकांनी आपणहून घरं सारवली, रंगवली, कचऱ्याचे गाडेच्या गाडे बाहेर काढले. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि उंदीर होते, आणि शेवटी त्यांचं दहन झालं. लोकांना सहभागी करून घेणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. त्यानं लोकांना सभेला बोलावलं नाही. लोकांना जे आधीच प्रिय होतं, त्याचा रस्ता बदलला.

पुढं १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला तेव्हा त्याचा पहिला प्राध्यापक गेडिस झाला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे विद्यार्थी, आणि तो विभाग पुढं त्यांनीच नावारूपाला आणला. गंमत अशी, की गेडिसचा वारसा समाजशास्त्राकडं गेला आणि नगररचनेकडं नुसते नकाशांचे रंग राहिले.

गोव्यानं 'आधी पाहा, मग आखा' हा धागा अलीकडं एकदा पुन्हा हाती घेतला होता. २०११ साठीचा प्रादेशिक आराखडा २००६ मध्ये अधिसूचित झाला आणि डोंगर, शेती, खाडीकाठच्या खाजन जमिनी वस्तीच्या रंगात गेल्याचं लोकांना दिसलं. गोवा बचाव अभियान उभं राहिलं. आंदोलन एवढं पेटलं, की जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागं घ्यावा लागला. मग वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा ज्यात पुढाकार होता अशा कृतिगटानं २०२१ साठीचा आराखडा हाती घेतला. गावाचे नकाशे सर्व्हे नंबरासह पंचायतींकडं गेले. ग्रामसभांत लोकांनी शेत कुठलं, झरा कुठला, घाट कुठला हे त्यावर सांगितलं. डोंगरउतार, खारफुटी, खाजनं यांना जपणुकीच्या वर्गात घातलं गेलं. पुढं त्या आराखड्याची परवड झाली. २०१२ मध्ये तो स्थगित झाला, काही वर्षांनी पुन्हा लागू झाला, बदलही झाले. पण ज्या ग्रामसभांनी एकदा आपला नकाशा वाचला, त्या पुढच्या प्रत्येक फेरफारावर प्रश्न विचारत राहिल्या.

मुंबईत २०३४ च्या आराखड्याच्या वेळी महापालिकेनं वर्तमान वापराचा नकाशा आधी लोकांपुढं ठेवला, तेव्हा नागरिक गटांनी त्यातल्या चुकांच्या याद्या दिल्या. तरी २०१५ च्या प्रारूपात इतक्या चुका उरल्या, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करायला सांगितला आणि अंतिम मंजुरी २०१८ मध्ये आली. एवढ्या मोठ्या शहराला जे निस्तरायला तीन वर्षं लागली, ते वीस हजारांच्या गावात चार रविवारांत तपासून होतं.

आता आरक्षणांबद्दल. नकाशावर बाग, शाळा, दवाखाना, भाजी मंडई असे चौकोन काढणं सोपं असतं. ती जमीन घ्यायला पैसा लागतो, आणि लहान नगरपंचायतीकडं तो नसतो. १९६६ च्या कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे मालकानं दहा-बारा वर्षं ना जमीन विकली, ना तिथं काही बांधलं, आणि गावाला बागही मिळाली नाही. शेजाऱ्याच्या रानात मात्र पिवळा रंग पडला म्हणून त्याला सोन्याचा भाव आला. विकास आराखड्याबद्दल गावात जो राग असतो तो इथून येतो, आणि तो रास्त आहे.

यावर तोडगाही जुनाच आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानं, देशातल्या अशा पहिल्या कायद्यानं, तो दिला: नगररचना योजना, लोक जिला टीपी स्कीम म्हणतात. एका भागातल्या सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, मैदान, शाळा यांची जागा सगळ्यांकडून सारख्या प्रमाणात काढायची, आणि उरलेली जमीन सरळ, रस्त्याला लागलेल्या भूखंडांच्या रूपात ज्याची त्याला परत द्यायची. समजा निम्मी परत मिळाली. चाळीस गुंठ्यांचे वीस झाले, पण त्या वीसाला चाळीस फुटी रस्ता आला, गटार आलं, मोजणीचा वाद मिटला. गुजरातनं ही पद्धत टिकवली आणि अहमदाबादसारखी शहरं त्यावर वाढवली. आपण तिला जवळजवळ विसरलो. अलीकडं पुण्याजवळ म्हाळुंगे-माण आणि नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना भागात ती परत आली आहे. मला वाटतं तिची खरी जागा तालुक्याचं गाव आहे. तिथं पंचवीस-तीस शेतकरी एकमेकांना नावानं ओळखतात. कुणाचा बांध कुठं, कुणाच्या विहिरीत किती पाणी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अशा तीस जणांना एका ओसरीवर बसवून हिशेब मांडता येतो. शहरात तीन हजार जणांना तो मांडायला कोर्टच लागतं.

लहान गावात असं सगळ्यांना हिशेब समजावून काही होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी कराडला लागून असलेल्या मलकापूरचा पाणीपुरवठा पाहावा. तिथं घराघरात मीटर बसवून, जास्त वापराला चढे दर लावून, चोवीस तास पाणी दिलं गेलं. मीटर म्हटलं की महाराष्ट्रात मोर्चा निघतो. मलकापुरात लोकांनी तो स्वीकारला, कारण पाणी किती येतं, जातं कुठं आणि बिल कशानं ठरतं हे त्यांना आधी समजावलं गेलं होतं.

एका रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण एका वाढत्या गावाच्या ओढ्याकाठानं चाललो होतो. हातात भूमी अभिलेखातून मिळालेली गाव नकाशाची नक्कल. ओढा त्यावर चांगला रुंद, दोन रेषांत दाखवलेला. डोळ्यांपुढं पाइपातून वाहणारी एक धार, तिच्यावर मुरूम, मुरुमावर नवं कुंपण. शाळेतल्या दोन मुली टेप धरून रुंदी मोजत होत्या आणि एक जण वहीत लिहीत होता. तेवढ्यात वरच्या आळीतले आजोबा काठी टेकत खाली आले.

"काय मोजताय पोरांनो?"

"ओढा, आबा. नकाशावर आहे, इथं सापडत नाही."

आबांनी नकाशाकडं बघितलंच नाही. ते सरळ विजेच्या खांबाकडं गेले, काठी उचलून खांबावर छातीच्या उंचीला टेकवली. "२००५ ला इथवर आलं होतं. मी या खांबाला धरून उभा होतो." मग रस्ता ओलांडून समोरच्या नव्या बंगल्याच्या पायरीवर काठी ठेवली. "आणि इथवर."

मुलीनं टेपचं टोक खांबाला लावलं, दुसरीनं पायरीपर्यंत ओढलं. एकतीस मीटर. वहीवाल्या माणसानं आकडा लिहिला, शेजारी वर्ष लिहिलं, आणि खांबावर विटकरी रंगानं एक आडवी रेघ मारली.